लग्नाच्या वाढदिवसासाठी गाणी आणि मनापासूनचा संदेश : पहिल्यांदाच तयारी करणाऱ्यांसाठी

घरात कुणाच्या तरी लग्नाचा वाढदिवस जवळ येतो आणि कुणीतरी सहज म्हणतं, "गाण्यांचं तू बघ. आणि दोन ओळी छानशा लिही." ही जबाबदारी पहिल्यांदा अंगावर पडली की माणूस इंटरनेटवर शोधायला बसतो. तिथे गाण्यांच्या याद्या ढिगाने मिळतात, शुभेच्छांचे संदेशही शेकड्याने मिळतात. त्यातलं काहीही उचलून कुणालाही पाठवता येतं, आणि म्हणूनच ते समोरच्या जोडप्याला आपलं वाटत नाही.

आमच्या घरात आणि मित्रमंडळींत हे काम मी बरीच वर्षं करत आले आहे. गाणं असो की संदेश, दोन्हींचा कच्चा माल त्या दोघांकडेच असतो. तो कसा काढायचा आणि कुठे चुकायला होतं, ते क्रमाने सांगते.

आधी हाताशी काय हवं

- लग्नाची नक्की तारीख आणि वर्ष. पत्रिका किंवा नोंदणीचा दाखला बघा, कुणाच्या आठवणीवर विसंबू नका.
- त्या दोघांना लग्नाआधीपासून ओळखणारी दोन-तीन माणसं : भाऊ, बहीण, जुनी मैत्रीण.
- एक वही. मोबाईलमधली नोंद चालेल, पण सगळं एकाच जागी हवं.
- गाणी उतरवून ठेवायला फोन किंवा पेनड्राइव्ह, एक स्पीकर आणि शक्य असेल तर त्याची वायर.
- संदेशासाठी जाड कागद आणि शाई न पसरणारं पेन.

१. किती वर्षं, आणि कुणासमोर?

वर्षांचा हिशेब आधी करा. २००० साली लग्न झालं असेल तर २५ वर्षं २०२५ मध्ये पूर्ण होतात. लग्नाचा दिवस पहिला धरून मोजलं की एक वर्ष वाढतं आणि ती चूक थेट बॅनरवर छापली जाते. पंचवीसला रौप्य, पन्नासला सुवर्ण आणि साठला हीरक म्हणतात. छापायला देण्याआधी हे दोन जणांकडून तपासून घ्या.

मग समोर कोण असणार ते ठरवा. दोघांच्या संध्याकाळीचं गाणं वेगळं आणि नातवंडांपासून पाहुण्यांपर्यंत सगळे बसलेले असताना लावायचं गाणं वेगळं. 'मालवून टाक दीप' हे सुरेश भटांचं, हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीतलं, लताबाईंनी गायलेलं गाणं अप्रतिमच आहे, पण ते दोघांच्या एकांताचं आहे. सासूबाई आणि ऑफिसचे साहेब शेजारी बसलेले असताना ते लागलं की ज्यांच्यासाठी लावलं तेच खाली बघत बसतात. म्हणून सुरुवातीपासूनच दोन याद्या करा, घरच्यांसमोरची आणि दोघांपुरती.

२. गाणी शोधू नका, विचारून काढा

"तुमचं आवडतं गाणं कोणतं?" असं विचारलंत की ठरलेलं उत्तर येतं. माणूस विचार करून एखादं भारदस्त नाव सांगतो, आणि रोज गुणगुणतो ते गाणं सांगायचं राहूनच जातं. त्याऐवजी असं विचारा :

- लग्न ठरलं त्या सुमारास कोणतं गाणं सारखं कानावर पडायचं?
- प्रवासात कोणतं गाणं लागलं की आवाज वाढवता?
- दुसऱ्याला आवडतं म्हणून तुम्ही सहन करता, असं गाणं कोणतं?

तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. "त्यांना ते फार आवडतं, मला मेलीला कधी कळलंच नाही त्यात काय आहे" असं म्हणताना समोरचा चेहरा बघा. ते गाणं यादीत आलंच पाहिजे.

दोघांना वेगवेगळं गाठून विचारा. एकत्र विचारलं की एक जण बोलतो आणि दुसरा मान हलवतो. दोघांच्याही तोंडून वेगवेगळ्या वेळी एकच गाणं आलं, तर यादीचा कणा मिळाला.

विचारून काहीच हाती लागलं नाही तर काळ धरून चला. स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार असं आढळलं आहे की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाच्या मनात इतर काळापेक्षा जास्त ठळक राहतात, आणि त्या वयात ऐकलेली गाणीही तशीच राहतात. दोघांची जन्मवर्षं विचारा, त्यात पंधरा ते पंचवीस मिळवा आणि त्या वर्षांतली गाणी काढा. इथे एक चूक फार होते. आपल्यापेक्षा मोठ्या सगळ्यांना आपण एकाच 'जुनी गाणी' नावाच्या पोत्यात घालतो. १९८५ साली लग्न झालेल्या जोडप्याला पन्नासच्या दशकातली गाणी लावली, तर ती त्यांच्या आई-वडिलांची गाणी झाली. ऐकतील कौतुकानं, पण त्यात ते स्वतः नसतील.

गाणं लिहून घेताना चित्रपट, वर्ष आणि गायकसुद्धा लिहा. १९८१ च्या 'कुदरत'मधलं 'हमें तुमसे प्यार कितना' किशोरकुमारांच्या आवाजात आहे आणि परवीन सुलतानांच्याही. शब्दांचा मुखडा तोच, पण एक ऐकताना हलकं वाटतं आणि दुसऱ्यात ठुमरीची आर्तता आहे. कुणाच्या मनात कोणतं आहे ते विचारल्याशिवाय कळत नाही. शिवाय अलीकडे जुन्या गाण्यांची नवी रूपं इतकी निघाली आहेत की घाईत भलतंच उतरवलं जातं. ज्याच्या मनात मूळ गाण्याच्या सुरुवातीची बासरी बसली आहे, त्याला ती बासरीच ऐकायची असते.

३. मुखड्यावर जाऊ नका, शेवटच्या कडव्यापर्यंत वाचा

सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात. चाल गोड असते, पहिल्या ओळीत चंद्र किंवा राजा-राणी असते, आणि गाणं असतं ताटातुटीचं.

'भातुकलीच्या खेळामधली राजा आणिक राणी' हे त्याचं ठळक उदाहरण. मंगेश पाडगावकरांचे शब्द, यशवंत देवांची चाल, अरुण दातेंचा आवाज. पहिली ओळ ऐकून हौसेनं निवडलं जातं. पण ती गोष्ट अर्ध्यावर डाव मोडलेल्या जोडीची आहे. 'तोच चंद्रमा नभात' तर याहून फसवं. शांता शेळके यांचं गीत, सुधीर फडके यांचा स्वर. चंद्र तोच, रात्र तीच, जवळ असलेली व्यक्तीही तीच, फक्त पहिल्या प्रीतीच्या खुणा आता उरल्या नाहीत, असं ते गाणं म्हणतं. पंचवीस वर्षं पूर्ण झालेल्या जोडप्यासमोर हे लावताना आपण काय बोलतोय याचा विचार करा. 'सखी मंद झाल्या तारका' हे न आलेल्या माणसाची वाट बघण्याचं गाणं आहे.

हिंदीतही तेच. 'अजीब दास्तां है ये' हे 'दिल अपना और प्रीत पराई' (१९६०) मधलं गाणं नायिका म्हणते, ते तिच्या मनातल्या माणसाचं लग्न दुसरीशी झाल्यावर. 'चन्ना मेरेया' (२०१६) हेही प्रिय व्यक्ती दुसऱ्याची होत असताना तिच्याच लग्नघरात म्हटलेलं आहे. 'लग जा गले' (१९६४) जवळीकीचं आहे खरं, पण पुन्हा भेट होईल की नाही ही भीती त्याच्या पोटात आहे. इंग्रजी गाणी लावणाऱ्यांनी 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' कडे नीट बघावं. डॉली पार्टननं ते १९७४ साली प्रसिद्ध केलं, ज्या सहगायकाबरोबर तिनं वर्षानुवर्षं काम केलं त्याचा निरोप घेताना. व्हिटनी ह्यूस्टनमुळे ते १९९२ नंतर जगभर पोचलं आणि अनेकांना प्रेमगीत वाटू लागलं. मुळात ते निघून जाणाऱ्या माणसाचं गाणं आहे.

याचा अर्थ ही गाणी वर्ज्यच, असं नाही. 'आंधी' (१९७५) मधलं 'तेरे बिना जिंदगी से' घ्या. वर्षानुवर्षं वेगळे राहिलेले नवरा-बायको पुन्हा भेटतात, त्या प्रसंगाचं ते गाणं आहे. कुणाच्या संसारात नोकरीपायी किंवा दुसऱ्या कारणानं खरोखर लांब दुरावा येऊन गेला असेल आणि तो त्यांनी ओलांडला असेल, तर त्यांच्यासाठी याच्याइतकं खरं गाणं सापडणार नाही. फक्त ते त्यांनी स्वतः मागितलेलं असावं. बाहेरच्या माणसानं परस्पर लावलं तर जखमेवर बोट ठेवल्यासारखं होतं.

थोडक्यात, प्रत्येक गाण्याचे पूर्ण शब्द एकदा वाचून काढा आणि चित्रपटात ते कोण, कुणाला, कधी म्हणतं ते बघा. गाण्यामागे पाच मिनिटं जातात.

४. वर्षांप्रमाणे काही सुचवण्या

विचारूनही यादी पुरेशी भरली नाही, तर यातून निवडा. हे माझं मत आहे, तुम्ही आपलं करा.

पहिली काही वर्षं : पाडगावकर आणि यशवंत देवांचं 'दिवस तुझे हे फुलायचे'. नव्या जोडीला यातला मोकळा आनंद शोभतो. पुढच्या पिढीसाठी 'जोगवा'मधलं 'जीव रंगला'. अजय-अतुल यांचं संगीत, आणि या गाण्यासाठी हरिहरन व श्रेया घोषाल या दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.

दहा-पंधरा वर्षं : या काळात संसाराची ओढाताण सगळ्यात जास्त असते. 'जुर्म' (१९९०) मधलं 'जब कोई बात बिगड़ जाए' इथे बसतं, कारण त्यात स्तुती नाही, साथ मागितलेली आहे. शिवाय ते बहुतेकांना येतं, सगळे मिळून म्हणू शकतात.

पंचवीस : 'शुक्रतारा मंद वारा'. श्रीनिवास खळे यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे आवाज. त्यात दोघांचाही स्वर आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. एकानं दुसऱ्याचं कौतुक करण्यापेक्षा दोघांनी मिळून एकच संध्याकाळ बघावी, अशी त्याची जात आहे. हिंदीत असंच दोघांचं 'अभी न जाओ छोड़कर', 'हम दोनो' (१९६१), मोहम्मद रफी आणि आशा भोसले.

पन्नास आणि पुढे : 'वक्त' (१९६५) मधलं 'ऐ मेरी जोहरा जबीं' बहुतेक यादीत असतं आणि ते रास्त आहे. मन्ना डे यांच्या आवाजात तीन मुलांचा बाप चारचौघांत आपल्या बायकोला सांगतो की तू अजून तशीच सुंदर आहेस. विशीतल्या नायक-नायिकांच्या गर्दीत असं गाणं दुर्मीळच. त्याच्या जोडीला 'या जन्मावर, या जगण्यावर' ठेवा. ते नवरा-बायकोचं गाणं नाही, पण पन्नास वर्षं बरोबर काढलेल्या माणसांच्या तोंडी ते फार खरं वाटतं.

५. क्रम आणि वेळ

जुनी गाणी तीन-साडेतीन मिनिटांची असतात, कारण ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावत असे. म्हणजे वीस गाण्यांना सव्वा तास धरा. गप्पा चालू असताना वाद्यसंगीत किंवा शांत गाणी, आणि त्या दोघांचं खास गाणं सगळे बसल्यावर, एकदाच, आवाज थोडा वाढवून. ते दिवसभर वाजवत राहिलात तर हवं तेव्हा त्याचा परिणाम उरत नाही.

६. कुणी गाणार असेल तर

कराओकेचा ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत असतो. लताबाई-आशाबाईंची पट्टी घरगुती गळ्याला अंतऱ्यात झेपत नाही आणि माणूस ऐन रंगात थांबतो. बहुतेक कराओके ॲपमध्ये पट्टी खाली-वर करायची सोय असते. गाण्यातला सगळ्यात उंच सूर आधी म्हणून बघा, तो आरामात लागेपर्यंत पट्टी उतरवा आणि मगच सुरुवात म्हणून बघा. दोन दिवस आधी एकदा पूर्ण म्हणा. नवऱ्याला बायकोसाठी गायचं असेल आणि सूर कच्चा असेल, तर एक कडवं पुरे. बाकीचं सगळ्यांनी उचलायचं, हे आधी ठरवून ठेवा.

७. संदेश : आधी एक प्रसंग, मग शुभेच्छा

"तुमचं नातं असंच बहरत राहो, आयुष्यात सुखाची बरसात होवो." यात वाईट काही नाही, पण यातलं एकही अक्षर त्या दोघांबद्दल नाही. नाव बदलून कुणालाही पाठवता येईल असं वाक्य दिसलं की ते खोडा आणि त्या जागी तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट लिहा. ती छोटी असली तरी चालते. खरं तर छोटीच बरी.

आई-वडिलांसाठी असं लिहिता येईल :

"आई, बाबा, महिनाअखेरीला तुम्ही दोघं रात्री हळू आवाजात हिशेब करत बसायचात. आम्ही झोपलोय असं तुम्हाला वाटायचं. आम्ही ऐकत असायचो. पैसे कमी पडत होते हे कळायचं, पण तुमचा आवाज कधी चढला नाही. त्यामुळे आम्हाला कधी भीती वाटली नाही. पन्नास वर्षांच्या खूप खूप शुभेच्छा."

नवऱ्यासाठी :

"बाळ रात्री रडलं की तू आधी उठायचास आणि म्हणायचास, 'मी जागाच होतो.' तू जागा नसायचास, हे मला तेव्हाही कळत होतं. तेव्हा म्हणायचं राहिलं, ते आज म्हणते : थँक्यू."

दादा-वहिनींसाठी :

"दादा, पूर्वी फोनवर तू 'मी येतो' म्हणायचास. आता 'आम्ही येतो' म्हणतोस. वहिनी, हा बदल आम्हा सगळ्यांना फार आवडलाय. असेच दोघं मिळून येत राहा."

मित्रांसाठी :

"तुमच्याकडे आलं की दार उघडायला दोघंही येता. किती वर्षं झाली, हे बदललेलं नाही. बदलू देऊ नका."

यात विशेषणं जवळजवळ नाहीत, ते बघा. 'आदर्श', 'अतूट', 'अनमोल' हे शब्द आले की वाचणारा पुढे सरकतो.

भाषा घरात बोलता तीच ठेवा. आईला 'तू' आणि बाबांना 'तुम्ही' म्हणत असाल तर कागदावरही तसंच लिहा, आणि दोघांना मिळून 'तुम्ही दोघं'. 'आपणां उभयतांस' असं सुरू केलंत की मुलाचं पत्र सोसायटीच्या सूचनेसारखं वाचलं जातं. बायको नवऱ्याला 'अहो' म्हणत असेल तर पत्रात अचानक 'प्रिय' नको. 'अहो' मध्येच सगळं आहे.

लांबी चार ते सहा वाक्यं. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचा. जिथे जीभ अडखळते तिथलं वाक्य तुमचं नाही, कुठून तरी आलेलं आहे.

गाण्याची ओळ संदेशात घालायचा मोह होतो. एखादी चालते, पण गाणं वाजणारच असेल तर संदेशात तीच ओळ पुन्हा नको. गाणं वाजेल तेव्हा ते आपलं बोलेल, कागदावर तुम्ही बोला.

८. जपून लिहायच्या जागा

जोडप्याचे दिवस सध्या कठीण असतील, आजारपण किंवा आपसातला ताण असेल, तर 'आदर्श जोडी' लिहू नका. त्यांना ते टोचतं. "तुमची दोघांची मला काळजी आहे आणि दोघंही मला प्रिय आहात" एवढं पुरेसं आहे.

दुसरं लग्न असेल तर जन्मोजन्मीच्या भाषेपासून लांब राहा आणि वर्षांची मोजणी त्या लग्नापासूनचीच ठेवा. मूल होण्याबद्दलची इच्छा शुभेच्छांत कधीही घालू नका. कोण काय सोसतंय ते आपल्याला माहीत नसतं.

जोडीदार गेलेला असेल तर बहुतेक लोक त्या तारखेला गप्प राहतात, आणि तो दिवस त्या माणसाला एकट्यानं काढावा लागतो. गप्प राहू नका. शुभेच्छा द्यायच्या नसतात, आठवण आहे एवढंच सांगायचं असतं :

"काकू, आजची तारीख लक्षात आहे. काका नेहमी म्हणायचे ते गाणं सकाळी ऐकलं. संध्याकाळी फोन करते."

आणि फोन करा. त्यांना बोलावंसं वाटलं तर काकांबद्दल बोलू द्या, विषय बदलू नका.

९. पोचवायचं कसं

व्हॉट्सॲप स्टेटस चोवीस तासांनी जातं. मनापासून लिहिलेलं काही फक्त तिथेच ठेवू नका. हातानं लिहून द्या, ज्येष्ठांसाठी अक्षर मोठं आणि ओळींत अंतर. छापणार असाल तर अक्षराचा आकार किमान १८ ठेवा.

लांबच्या नातेवाइकांचे आवाज मागवायचे असतील तर "काहीतरी बोला" असं सांगू नका, माणूस गोंधळतो आणि पुन्हा तीच सुखाची बरसात येते. एकच प्रश्न द्या : "या दोघांना एकत्र पाहिल्याची तुमची सगळ्यात जुनी आठवण कोणती?" अर्धा-पाऊण मिनिट, पंखा बंद, दार लावलेलं, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर. आठवडाभर आधीची मुदत द्या आणि मुदतीच्या दिवशी स्वतः फोन करून आठवण करा.

गाण्यांच्या बाबतीत नेटच्या भरवशावर राहू नका. फुकट ॲपवर ऐन गाण्याच्या आधी जाहिरात लागते. सगळी गाणी आधी उतरवून घ्या, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि मग ब्लूटूथ पुन्हा चालू करा, म्हणजे मध्येच कुणाचा फोन येऊन गाणं तुटणार नाही. स्पीकर ज्येष्ठांच्या कानाशी ठेवू नका. श्रवणयंत्र लावणाऱ्यांना मोठ्या संगीतात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही.

फोटोंची चित्रफीत करून त्यावर चित्रपटातलं गाणं चढवलंत आणि समाजमाध्यमावर टाकलीत, तर हक्कांच्या आपोआप होणाऱ्या तपासणीत आवाज बंद होऊ शकतो किंवा चित्रफीतच अडवली जाऊ शकते. घरात दाखवायची प्रत गाण्यासह ठेवा. बाहेर टाकायची असेल तर त्यावर नातेवाइकांचे आवाज चढवा, ती जास्त बघितलीही जाते.

सगळं उरकल्यावर गाणी, आवाजाच्या फाइली आणि संदेशांचे फोटो एका पेनड्राइव्हवर घालून त्या दोघांना द्या. प्रत्येक फाइलला बोलणाऱ्याचं नाव आणि वर्ष द्या. फोनमध्ये 'ऑडिओ ००१७' अशी नावं पडतात आणि दोन वर्षांनी कुणाला काहीच सापडत नाही. दुसरी प्रत तुमच्याकडे ठेवा, आणि वहीसुद्धा. पुढच्या वेळी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बदललेलं असू शकतं.